मुखेडचा पंखा विमान उतरवतो

मी उफणणी पंखा बोलतोय. मूळ गाव मुखेड, सध्या मुक्काम नांदेडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात. शिक्षण काही नाही, तरी रोज प्रोफेसरांचे कागद उडवतो.

लातूरच्या वर्कशॉपात जन्मलो. मग मुखेडच्या सटवाजीच्या खळ्यावर वीस वर्षं तूर उफणली. कुणी पांढरा शर्ट घालून फुकटचा सल्ला द्यायला आला, की माझं भुसकट नेमकं तिकडंच जायचं. मग मळणीयंत्र आलं आणि मी गोठ्यात पडलो.

तिथून मला विशाखानं उचललं. अहमदपूरच्या मास्तरांची ही लेक, याच कॉलेजात शिकते. तिनं माझ्यापुढं प्लायवूडचा बोगदा जोडला आणि आत विमानाचं मॉडेल बसवलं. त्याच्या दोन्ही पंखांच्या टोकांना एकेक फिरता पंखा, म्हणजे माझे शिकलेले भाऊबंदच. त्यांची तोंडं वर केली की हेलिकॉप्टरसारखं उतरायचं, पुढं कलवली की विमानासारखं पळायचं. मॉडेलचं पोट माझ्याकडं. ते जागचं हलत नाही, वारा मी घालतो, आणि ते उतरतंय असं सगळ्यांनी समजायचं. शिकलेली माणसं असले खेळ खेळतात.

वारा वाढला की मॉडेल कलंडायचं, कधी डावीकडं, कधी उजवीकडं. विशाखा म्हणाली, "सरळ भरभर उतरलं की टोकाचा पंखा स्वतःच्याच हवेच्या भोवऱ्यात सापडतो. दोन्ही एकदम सापडत नाहीत, म्हणून कलंडतं." काय नजर पोरीची.

तिचे उमाशंकर सर मानेनात. "वाराच झोकांड्या खायलाय. या उफणणी पंख्याचा दोष लिही अन् मोकळी हो."

"सर, मग माझ्या चार महिन्यांच्या कामात उरतं काय?"

सरांनी अहवालावर लाल पेनानं 'पंख्याचा दोष' लिहूनही टाकलं. जन्मभर खोड्या केल्या, पण इथं मी खरंच सरळ होतो. सांगणार कोणाला?

विशाखानं फोन लावला. दुसऱ्या दिवशी सटवाजी एसटीनं हजर. काखेत सूप, पिशवीत भुसकटासकट तूर.

"मामा, हा वाकडा वाहतो का?"

"चावट लई हाय. वाकडा न्हाई."

मॉडेल काढलं, मला चालू केलं. बोगद्याच्या तोंडाशी स्टुलावर चढून सटवाजीनं सूप हलवलं. तूर खाली राशीत बसली, भुसकटाचा पट्टा सरळ भिंतीपर्यंत गेला.

"वारा झोकांडला असता तर भुसकट माघारी राशीत आलं असतं. बघा सायेब. एक काडी घावली तर मी मुखेडला चालत जातो."

सर उकिडवे बसून दहा मिनिटं तूर निवडत होते. सटवाजीला चालावं लागलं नाही.

सरांनी तेच लाल पेन काढलं, आधीचं खोडलं, काहीतरी लिहिलं. मला वाचता येत नाही. विशाखानं मोठ्यानं वाचलं, "वारा एकसमान."

आता माझं बेअरिंग कुरकुरतंय. मॉडेलचे पंखे थोडे पुढं कलवले की विमान भोवऱ्यातून निसटतं का, हे विशाखाला पाहायचंय. तेवढं होईपर्यंत मला भंगारवाल्याला दाखवू नका. तिच्यापुढं मी सरळच वाहणार. बाकीच्यांचं बघून घेऊ.