उदुमाच्या नावाची हाक

वकील एचेझोना यांनी मंडपातली प्लॅस्टिकची खुर्ची स्वतः उचलली आणि नावं पुकारणाऱ्या म्हाताऱ्याच्या बरोबर समोर, भर उन्हात आणून ठेवली. सावलीत बसा म्हणून कोणी तरी पुढे आलं, त्यांनी हातानेच नको म्हटलं. रुमालाने बैठक पुसली, मांडीवर फाइल घेतली आणि पाय लांब केले. तिथून सगळे बाक दिसत होते. कोण उठतो आणि कुठून उठतो, ते स्वच्छ दिसणार होतं.

निळ्या बाकावरच्या ओकोरी अग्वूने सदऱ्याचं वरचं बटण काढलं. सदरा खांद्यात दाटत होता. तो शिवला होता त्याच्या धाकट्या भावाच्या, उदुमाच्या मापाने. दुसरा शिवायला वेळच मिळाला नव्हता.

आज आमच्या अमाएलू गावात नव्या तुकडीचा दिवस होता. आमच्याकडे तीन-तीन वर्षांच्या अंतरात जन्मलेल्या पुरुषांची एक तुकडी धरतात. प्रत्येक तुकडीचं कापड वेगळं, बाक वेगळा. एकेकाचं नाव गावासमोर पुकारतात, आणि तो उठून उभा राहिला की मरेपर्यंत त्या तुकडीचा. लग्नात तेच नाचणार, भांडणात तेच धावून येणार, शेवटी खांदाही तेच देणार. जो उठला नाही त्याला गावात बसायला जागा नाही. सरकारी कागदावर हवं ते लिहून आणता येतं. पण अमाएलूत कोण कोणाहून थोरला, हे बाकावर ठरतं.

वकिलांना हे ठाऊक होतं, हीच तर पंचाईत होती. आले ते नेमका आजचा दिवस धरून.

बारा वर्षांपूर्वी आबा शहरातले काही लोक सोळाच्या आतले फुटबॉल खेळाडू शोधत गावात आले, तेव्हा ओकोरी एकोणीस वर्षांचा होता आणि उदुमा पंधराचा. आईने पेटीतून उदुमाचा जन्मदाखला काढला, शाळेचा दाखला काढला, आणि ओकोरी उदुमा होऊन गेला. तो खेळायचा मधल्या फळीत. दुसऱ्याने घालवलेला चेंडू परत आणायचा आणि गोल करणाऱ्याच्या पायाशी नेऊन द्यायचा, हे त्याचं काम. दोन वर्षं आबात, चार सायप्रसमध्ये, पाच स्लोव्हाकियात. राष्ट्रीय संघाबरोबर दोनदा जाऊन आला, दोन्हीदा राखीव म्हणून बसून. पाठीवर नाव उदुमा. स्लोव्हाकियाच्या थंडीत तोंडातून वाफा काढत गोरे लोक ते नाव ओरडायचे. गावात त्याचे व्हिडिओ बघताना सगळे मूग गिळून बसत. गावाची अब्रू होती ती.

खऱ्या उदुमाला उमुआहियाला तंत्रशिक्षणाला प्रवेश मिळत होता, पण त्याचे दाखले तोवर सायप्रसला पोचले होते. तो बाजारात जनरेटर दुरुस्त करू लागला. एकदा त्याने कुरकुर केली तेव्हा आई म्हणाली होती, "अरे, तुझं नाव जगभर पुकारतात, आणखी काय पाहिजे तुला?" ऐकणारे हसले होते. उदुमाही हसला होता.

मग ओकोरीचा गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली, एक अख्खं वर्ष घरी बसून गेलं, आणि आता तुर्कस्तानातला एक क्लब दोन वर्षांसाठी घ्यायला तयार होता. कागदावर तो सत्तावीसचा होता म्हणून. एकतिशीच्या, गुडघा उघडलेल्या माणसाला कोणी दारात उभं करत नाही. हा करार गेला तर खेळ संपला, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. तेवढ्यात क्लबला कुठून तरी वयाची कुणकुण लागली आणि त्यांनी वकील धाडले.

सकाळी ते घरी आले होते.

"कागद पाहिले मी," फाइलवर टिचकी मारत ते म्हणाले होते. "फार सुंदर आहेत. इतके स्वच्छ कागद तर माझ्या मुलाचेसुद्धा नाहीत."

"आधी कोलाची बी घ्या, साहेब," आई म्हणाली. "पाहुण्याने तोंड गोड केल्याशिवाय बोलू नये."

"कोला कडू असतो, आई."

"म्हणूनच तर. नंतरचं सगळं गोड लागतं."

ते हसले, पण नजर ताटावर ठेवूनच. कोलाच्या फोडी थोरल्याने आधी उचलायच्या, मग धाकट्याने. ताट भावांकडे आलं तेव्हा ओकोरीचा हात सवयीने पुढे झाला आणि मधेच थांबला.

"घ्या, देदे," तो उदुमाला म्हणाला.

देदे म्हणजे दादा. ज्याला खांद्यावर बसवून नदीवर नेलं, त्याला देदे म्हणताना जीभ अडखळली. उदुमाने एक फोड उचलली, तोंडात टाकली आणि सावकाश चावत राहिला. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं.

"तर हे थोरले ओकोरी, आणि तू धाकटा उदुमा," वकील म्हणाले.

"हो."

"छान. दुपारी कार्यक्रमाला येतोच मी. मीही खेड्यातलाच आहे, बरं का. कागद वाचण्यापेक्षा मला माणसं बघायला आवडतात."

ते गेल्यावर आई मटकन खाली बसली. "फक्त आजचा दिवस," ती म्हणाली. "उदुमा, माझ्या लेकरा, फक्त आजचा दिवस."

"आजचाच दिवस तर असतो, आई," उदुमा म्हणाला आणि ओकोरीचा तपकिरी सदरा अंगात घालायला आत गेला. ओकोरीची खरी तुकडी तीन वर्षांपूर्वी उठली होती, तेव्हा तो परदेशात होता. आईने त्याच्या वतीने कापड घेऊन ठेवलं होतं.

आता उदुमा त्या तपकिरी बाकावर बसला होता, चार-चार वर्षांनी मोठ्या माणसांत. ओकोरीचा लहानपणचा दोस्त उक्पाई त्याच्या शेजारी होता. "आमचा ओकोरी एका रात्रीत बारीक झाला बघा," उक्पाईने मघाशी आवाज न चढवता म्हटलं होतं, आणि अख्खा बाक जमिनीकडे बघत हसला होता. त्यानंतर कोणी हसलं नव्हतं.

ढोल वाजला. एमेआ आजोबा काठी टेकत पुढे आले. वय नव्वदीच्या घरात, पण आवाज असा की शेवटच्या झाडाखालच्या बायकाही वळून बघाव्यात. त्यांनी पहिलं नाव पुकारलं. निळ्या बाकावरचा एक शिक्षक उठून पुढे गेला.

"तुझ्या आधी कोण?" आजोबांनी विचारलं.

"मी," मंडपातून त्याचा थोरला भाऊ उठून म्हणाला आणि त्याने आपलं नाव सांगितलं. ते झाल्यावरच शिक्षकाच्या खांद्यावर काठी टेकली गेली. थोरल्याने आपलं नाव घेऊन धाकट्याची ग्वाही द्यायची, अशी रीत. लोकांनी टाळ्या पिटल्या, बायकांनी गळ्यातून लांब सूर काढला, वर धरलेले फोन सगळं टिपत राहिले.

दुसरा गेला. तिसरा गेला. ओकोरीच्या छातीत धडधड वाढत चालली. अंतिम सामन्याला मैदानात उतरायच्या बोगद्यातही असं झालं नव्हतं. तिथे निदान चुकलो तर चेंडू परत आणता येतो. त्याने मनात घोकून ठेवलं होतं: उठायचं, वीस पावलं चालायचं, थांबायचं, उदुमा उठेल, 'मी, ओकोरी' म्हणेल, काठी खांद्यावर. झालं. आणि ते झालं की निळ्या बाकावरची उदुमाची जागा कायमची भरली, एका नावावर दोन माणसं उठत नाहीत, हेही त्याला पाठ होतं. याचा विचार तुर्कस्तानात गेल्यावर करू, असं त्याने रात्री स्वतःला सांगितलं होतं.

वकिलांनी पेनाचं टोपण काढलं.

"उदुमा अग्वू!"

ओकोरी उठला. सगळ्या गावाला माहीत होतं, आणि सगळं गाव समोर बघत होतं. तो चालू लागला. पाच पावलं, आठ, दहा. अकराव्या पावलाला त्याने खांद्यावरून मागे पाहिलं. ठरवून नव्हे. चेंडू पायाशी यायच्या आधी मागे कोण आहे ते पाहून घ्यायचं, ही बारा वर्षांची खोड होती.

तपकिरी बाकावर उदुमा अर्धवट उठला होता. गुडघे वाकलेले, एक हात बाकाच्या कडेवर, मान हाकेच्या दिशेला. आपलं नाव ऐकल्यावर माणूस उठतो तसा तो उठला होता. आणि शेजारच्या उक्पाईने त्याच्या मांडीवर तळहात ठेवला होता आणि तो त्याला खाली दाबत होता, हळूच, लहान मुलाला देवळात बसवावं तसा. उदुमा बसला. त्याने आजूबाजूला पाहिलं, कोणाला दिसलं तर नाही ना, म्हणून.

ओकोरी तिथेच थांबला. लाज कशाला म्हणतात, ते त्याला त्या घटकेला कळलं.

"पुढे ये," एमेआ आजोबा म्हणाले.

"आजोबा," ओकोरी म्हणाला, "तुम्ही हाक मारलीत तो तिकडे बसलाय."

"अरे देवा!" आईचा आवाज मंडपातून आला आणि तिथेच तुटला.

म्हाताऱ्याने डोळे बारीक केले. या दोघांच्या बारशाला जेवलेला माणूस तो. वकिलांकडे त्याने एकदाच पाहिलं, मग काठी जमिनीवर आपटली.

"उदुमा अग्वू! दुसऱ्यांदा पुकारतोय. तिसऱ्यांदा पुकारत नसतो मी."

उक्पाईने हात काढून घेतला. उदुमा उठला. मोकळ्या जागेतून येताना त्याची चाल जड होती आणि जबडा आवळलेला. तो ओकोरीच्या बाजूला येऊन उभा राहिला, त्याच्याकडे न बघता.

"तुझ्या आधी कोण?"

उत्तर थोरल्याने द्यायचं असतं, पण म्हाताऱ्याने विचारलं ते उदुमाकडे बघून.

"त्यालाच विचारा," उदुमा म्हणाला. "त्याचं नाव काय ते त्यालाच माहीत."

"मी," ओकोरी म्हणाला. "ओकोरी."

"मागच्यांना ऐकू आलं नाही," आजोबा म्हणाले.

"ओकोरी अग्वू!" तो ओरडला. आवाज चिरकला. बारा वर्षांत त्याने ते नाव मोठ्याने उच्चारलं नव्हतं.

वकील एचेझोना यांनी पेनाला टोपण लावलं. काही लिहिलं नाही. ते उठले, खुर्ची जिथून आणली होती तिथे नेऊन ठेवली आणि रस्त्याकडे निघाले. आईजवळून जाताना त्यांनी मान झुकवली. तिने तोंड फिरवलं. गाडी सुरू झाल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"निळ्यात तपकिरी उभा आहे," एमेआ आजोबा म्हणाले. "अदलाबदल करा. उन्हं उतरायला लागली."

ओकोरीने सदऱ्याची बटणं काढली. खांद्याशी शिवण उसवली होती, काखेत घाम होता. उदुमानेही तपकिरी सदरा डोक्यावरून काढला. उघड्या अंगाने दोघे गावासमोर समोरासमोर उभे राहिले, आणि ओकोरीला वाटलं, आता हा आपल्या गळ्यात पडेल. त्याने हात थोडे पुढेही केले होते.

उदुमाने त्या हातांतला सदरा तेवढा घेतला.

"बारा वर्षं बसून राहिलो मी, तू पळावंस म्हणून," तो फक्त भावाला ऐकू जाईल एवढंच बोलला. "अजून दोन वर्षं बसलो असतो. आता ती बाराही फुकट गेली."

"उदुमा, मला बघवलं नाही रे—"

"नाव नेलंस तेव्हा मला विचारलं नव्हतंस." त्याने निळा सदरा अंगात घातला. तो त्याला बरोबर बसला. "आज परत दिलंस, तेव्हाही नाही विचारलंस."

मग तो वळला आणि काठीखाली खांदा धरून उभा राहिला.