मारबतीसंगं गेलेली बदकं

रुपरावचं वय बेचाळीस. मिशी अशी का दोन्ही गालांवर टेकून बसे. सिव्हिल लाइनीतल्या साहेबाच्या बंगल्यावर त्याच्या हाताखाली तीन माळी होते अन् तिघंही त्याले टरकत. पण घरी मायले काही मागाचं असलं का हाच रुपराव दारात उभा राहून मिशीले पाणी लावे अन् तिची टोकं खाली बसवे. ताठ मिशीनं मागितलेली गोष्ट प्रयागबाईनं आजपर्यंत कधी दिली नव्हती.

ते दिवस असे होते का सीताबर्डीवर मोटर आली तं लोकं हातातला घास ठेवून पाहाले उठत. पोळ्याच्या चार दिवस आधी रुपराव असाच मिशी ओली करून दारात आला. काखेत टोपली, टोपलीतून दोन पिवळ्या चोची बाहेर.

"काय आणलं गा?" प्रयागबाई सारवण करून राहिली होती, तिनं मान वर केली नाही.

"पाहुणे आणले, माय."

"पाहुण्यायले चोची असते काय?"

मंग त्यानं सगळं सांगतलं. साहेबाची जबलपूरले बदली झाली होती. निरोपाचं जेवण पोळ्याच्या तिसऱ्या दिवशी, अन् खानसाम्यानं त्या जेवणासाठी ही दोन बदकं आतापासूनच धरून ठेवली होती. रुपरावनं तं त्याईले अंड्यातून निघाल्यापासून वाढवलेलं, थंडीत आपल्या मुंडाशात निजवलेलं. त्यानं साहेबापुढं हात जोडले. साहेब म्हणे, घरी सोय असंल तं ठेव, नसंल तं जेवणाच्या दिवशी सकाळी परत आण.

"आपल्या घरी सोय नाही," प्रयागबाई म्हणाली. "पोळ्यापर्यंत राहू दे. मंग नेऊन दे."

तिचंही चूक नव्हतं. अंगण म्हणजे तिचा जीव. रोज पहाटे शेणानं असं सारवे का भाकर टाकून खावी. अन् ही बदकं टोपलीतून उतरली ती थेट ओल्या सारवणावर. नर पोट पुढं काढून चाले, मादी मांगून बडबड करत. रुपरावनं त्याईचं नाव फौजदार अन् फौजदारीण ठेवलं होतं. फौजदारानं अंगणाच्या मधोमध पाहणी केली अन् तिथंच आपला शिक्का मारला.

"पाह्यलं?" प्रयागबाई म्हणाली.

रुपरावनं लय खटपट केली. वालाच्या वेलावरच्या गोगलगाई खाते म्हणे. माय म्हणे, मीठ टाकलं तरी मरते. चोर आला तं ओरडते म्हणे. माय म्हणे, चोरानं न्यावं असं घरात आहे काय, तूच एक आहेस, तुले नेलं तं मीच ओरडणार नाही.

पण बदकं आणल्याच्या तिसऱ्या दिवशी रुपराव डब्बा विसरला म्हणून अर्ध्या वाटेतून परतला, अन् दाराच्या फटीतून त्यानं पाह्यलं. माय ओट्यावर बसून बदकायले शिळा भात चारून राहिली होती. वरून बोलणं चालू. "तू खाय वं आधी. या बुवाले काय, हा तं खाऊनच आला असंल."

रुपराव उपाशीच कामावर गेला, पण दिवसभर गालातल्या गालात हसत होता. त्याले युक्ती सुचली होती. बदकं एक दिवस दिसली नाही का बुढीले चैन पडणार नाही, आपल्या तोंडानंच म्हणंल, शोधून आण.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. गावाची सगळी रोगराई, सगळी पीडा त्या भल्यामोठ्या पुतळ्यासंगं गावाबाहेर धाडाची. रुपरावनं सकाळी दूध यायच्या आधीच बदकं टोपलीत घातली अन् शेजारच्या यमुताईच्या गोठ्यात नेऊन ठेवली. यमुताईनं तोंडावर पदर धरला, पण हो म्हणाली.

दुपारी गल्लीच्या तोंडाशी पिवळी मारबत आली. ढोल, धूळ, पोट्ट्यायचा गोंगाट. घराघराच्या दारातून बाया ओरडत होत्या, खोकला घेऊन जा गे मारबत, खरूज घेऊन जा गे मारबत. प्रयागबाईनं कंबरेवर हात ठेवले अन् सगळ्या गल्लीले ऐकू जाईन असा आवाज काढला, "रुप्याची बदकं घेऊन जा गे मारबत."

गल्ली हसली. रुपरावही हसला. त्याले वाटलं, आता तं बुढी पक्की फसली.

सांज झाली. प्रयागबाईनं भाताची वाटी ओट्यावर आणली, इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, अन् वाटी तशीच आत नेली.

"दिसत नाही वं बदकं," रुपराव म्हणाला. "शोधून आणू काय?"

"बह्याड झाला काय? मारबतीसंगं धाडलेलं घरात परत घेते काय कोणी? खोकला धाडला तं उद्या जाऊन त्याले बोलावून आणशीन?"

रुपराव तिथंच ओट्यावर बसला. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. आता बदकं परत आणली तं पीडा परत आणली. नाही आणली तं उद्या सकाळी खानसामा. रात्रभर त्याच्या डोळ्यापुढं फौजदार ताटात पडलेला दिसे, पोट तसंच पुढं.

सकाळी तो मायपुढं येऊन बसला. ती तांदूळ निवडून राहिली होती. आज मिशीले पाणी लावाचीही गरज नव्हती, ती आपोआपच पडली होती.

"माय, बदकं मारबतीसंगं गेलीच नाही. मीच लपवली होती. तुले करमणार नाही, तूच बोलावशीन, असं वाटलं मले."

प्रयागबाईनं एक खडा काढून बाजूले टाकला. "कवा लपवली?"

"सकाळी. दूध आलं नव्हतं."

"म्हणजे मी ओरडली तवा ते घरात नव्हते."

"नव्हते."

"मंग माहं ओरडणं त्याईले लागलं नाही." तिनं यमुताईच्या भिंतीकडं तोंड केलं. "यमे, आण वं ते टोपली."

यमुताई अशी लगेच आली का जशी भिंतीमांगंच उभी होती. टोपलीत फौजदारीण बडबडत होती, अन् फौजदाराच्या चोचीले भाताचं शीत चिकटलं होतं.

रुपरावनं ते शीत ओळखलं. काल वाटीतून आत गेलेला घरचाच भात होता.

"तुले माहीत होतं?"

"तुह्या बापानं बकरी आणली होती, ते बी यमीच्याच गोठ्यात लपवली होती," प्रयागबाई म्हणाली. "तुमच्या घराण्यात दुसरा गोठा नाही सुचत कोणाले. मले एवढंच पाहाचं होतं, तू स्वतःच्या तोंडानं सांगतं का नाही. आता ऐक. राहू दे त्याईले. पण अंगण रोज तू सारवशीन. साहेबाचे माळी पाहाले आले तरी."

दुसऱ्या दिवशी पहाटे बेचाळीस वर्षांचा रुपराव शेणात कोपरापर्यंत हात घालून अंगण सारवून राहिला होता. प्रयागबाई ओट्यावरून सांगत होती, कोपरा राहिला, तिथं पातळ झालं. शेवटचा हात फिरला तोच फौजदार पोट काढून ओल्या अंगणातून निघाला, मांगं फौजदारीण. तीन-तीन बोटायची पावलं उमटत गेली.

रुपरावनं पावलं पुसाले बोळा उचलला.

"थांब," माय म्हणाली. "चार दिवसांनी महालक्ष्म्या येऊन राहिल्या. त्याईची एवढी पावलं काढाले माही कंबर कुठं राहिली." ती वाकून पाहू लागली. "आत येऊन राहिली का बाहेर जाऊन राहिली ते पाह."

रुपरावनं पाह्यलं. पावलं चुलीकडं गेली होती.

"आत, माय."

"मंग राहू दे."