काका पास झाले

काका पास झाले आणि त्यातच गेले. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. काका अजून आरोग्य केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावर म्हाताऱ्यांच्या गोलात बसलेत, मी पुतण्या दारात उभा आहे, आणि वर्गाच्या बाई त्यांना खुर्चीतून उठवतायत.

"हात टेकायचे नाहीत. मांड्यांवर जोर."

"मांड्या आहेत कुठे?"

"म्हणून तर अंडं खा म्हणते. खाल्लं?"

"अर्धं."

"उरलेलं?"

"हिच्यासाठी ठेवलं."

काकू जाऊन वर्ष उलटलं होतं.

"त्यांचंही तुम्हीच खायचं," बाई म्हणाल्या. काका दोघांचं जेवायला लागले.

वर्ग अशक्त ज्येष्ठांसाठी होता. केंद्राला लिफ्ट नव्हती, त्यामुळे फारच अशक्त असलेल्यांची वर्गाला अडचण होत नसे. काका घराबाहेर पडायचे ते फक्त इथे यायला. व्यायाम झाला की सगळे मिळून डबे उघडत, एकमेकांच्या कवळ्यांची चेष्टा करत. काकांच्या गालांवर मांस आलं. एक दिवस ते हात न टेकता उठले, तर टाळ्या पडल्या.

भानगड चाचणीची होती. मुठीत दाबायचं एक यंत्र होतं. काटा लाल रेघेपुढे गेला की माणूस सशक्त. नाव कमी, जागा दुसऱ्याला. म्हणून चाचणीच्या दिवशी अख्खा वर्ग मरणपंथाला लागायचा. जिन्यात इतरांच्या पिशव्या ओढून घेणाऱ्या शिवणवाल्या आजी यंत्र दाबताना चक्क कण्हायच्या.

"मरगळून दाबा हो," त्यांनी काकांना बजावलं. "इथं मर्दुमकी दाखवाल तर घरी बसाल."

पण काका जन्मभर वजनमाप निरीक्षक. दुकानदारांचे खोटे काटे पकडण्यात हयात गेलेली. त्यांनी जीव खाऊन दाबलं. काटा रेघेच्या जरा अलीकडे थांबला.

"नापास! छान," बाई हुश्श करत म्हणाल्या. "पुढचे या."

काका यंत्र सोडेनात. "बाई, काटा शून्याच्या खाली उभा आहे. कमी दाखवतोय."

"असू द्या हो, काका."

"असू द्या कसं? माप आहे ते!"

आजींनी त्यांचा सदरा ओढला. काकांनी स्वतःच स्क्रू फिरवला, काटा शून्यावर आणला आणि पुन्हा दाबलं. रेघ ओलांडली. सवयीने टाळ्या पडल्या. मग कुणाच्या तरी लक्षात आलं आणि त्या थांबल्या.

घरी काका पुन्हा अर्ध्या अंड्यावर आले.

"उठबस करा ना, काका," मी कामावर निघताना म्हणायचो.

"कुणासमोर?"

त्यांचे पाय काड्यांसारखे झाले तेव्हा मी त्यांना घेऊन केंद्रात गेलो. बाईंचे डोळे भरले, पण नियम होता: परत यायचं तर पुन्हा चाचणी, आणि ती दुसऱ्या मजल्यावरच. काका दोन पायऱ्या चढले आणि कठडा धरून खाली बसले. त्यानंतर न्हाणीघरात पडले, खुब्याचं हाड मोडलं. पुढचं तुम्ही सुरुवातीला वाचलेलं नाही.

मी अर्ज दिला आहे:

"महोदय, माझे काका आपल्या वर्गातून सशक्त म्हणून कमी झाले होते. ते आता मयत असून त्यांची पकड विहित मर्यादेपेक्षा निश्चितच कमी आहे. सबब, चाचणीची अट शिथिल करून त्यांचे नाव अशक्तांच्या यादीत पूर्ववत घ्यावे, ही नम्र विनंती."