मध्यांतरापर्यंतचं प्रेम

प्रेमाचा आणि हसवणारा पिक्चर हवा असला की सगळ्यांना मीच आठवते. राजारामपुरीत डोळ्यांच्या दवाखान्यात मी रिसेप्शनला बसते. नर्सबाईंपासून ते डोळ्यात थेंब घालून बसलेल्या पेशंटपर्यंत सगळे विचारतात, "पूर्णिमा, काहीतरी हलकंफुलकं सांग की." मी सांगते. हिरो फार देखणा नको, त्याची आई विनोदी हवी, आणि भांडणात चूक दोघांची वाटली पाहिजे. माझी निवड सहसा चुकत नाही. नवऱ्याची सोडली तर.

त्या रविवारी मात्र मला कुणाला काही सुचवायचाच उबग आला होता. ऋतुराज आणि मी नऊ दिवस बोललो नव्हतो. मी दवाखान्यातून गडमुडशिंगीला घरी यायचं, पर्स ठेवून भाकरीला लागायचं, आणि त्याने मोबाइलमधून डोकं वर न काढता "आमटी खारट झालीया" म्हणायचं, हे सात वर्षं चाललं होतं. भांडायचंही त्राण उरलं नव्हतं. सोमवारी सकाळी गारगोटीला माहेरी जायचं मी ठरवलं होतं. भरलेली बॅग घरात सगळ्यांना दिसत होती, कुणी विचारलं नव्हतं.

जेवणं झाल्यावर सासूबाई, आमच्या आक्का, टीव्हीसमोर येऊन बसल्या. दर रविवारचा हा आम्हा दोघींचा कार्यक्रम.

"आज कुठला लावतीस?"

"कुठलाही बघा, आक्का. मला कंटाळा आलाय."

"तूच सांग की. प्रेमाचा सांग, पर हसायचा."

मी माझा सगळ्यात आवडता लावून दिला. लग्नात जेवणाचं कंत्राट घेतलेला एक धांदरट आचारी आणि त्याच्या प्रत्येक पदार्थाला नावं ठेवणारी नवरीची बहीण. आक्का पोट धरून हसल्या. पावणेपाचला त्या दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, ती गावी निघून गेली, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं आली. आक्का पदर खोचून उठल्या. म्हशींच्या धारेची वेळ झाली होती, आणि डेअरी काही हिरॉइनसाठी थांबत नाही.

"चांगला हुता," त्या म्हणाल्या. "पर तुझं समदं पिक्चर सारखंच बघ. हसत्यात, खेळत्यात, आन् शेवटाला भांडून पोरगी माहेराला जाती."

"शेवटाला? आक्का, अजून तासभर आहे."

"अजून?"

मला माझीच लाज वाटली. त्या गोठ्यात गेल्या की मी चुलीकडे वळायचे आणि टीव्ही बंद व्हायचा. इतकी वर्षं मी त्यांना पिक्चर सुचवत होते, आणि त्यांनी त्यातला एकही पुरा पाहिला नव्हता.

"बसा. धार मी काढते."

"लाथ मारंल ती."

"मारू दे."

म्हशीने लाथ मारली नाही, पण दूध निम्मंच दिलं. बोटं दुखून आली. तिच्या पोटाला डोकं टेकून मी नऊ दिवसांचं रडून घेतलं.

बऱ्याच वेळाने आक्का गोठ्यात आल्या. "त्यो गेला गं तिला न्यायला. समद्या गावाम्होरं माफी मागितली."

"जातोच, आक्का. सगळ्या पिक्चरमध्ये जातो."

"समद्यात?" त्या वैरणीच्या पेंढीवर बसल्या. "ऋत्या दोन वर्साचा हुता. मी गेलतो भांडून, नेसरीला. दोन म्हैने ऱ्हायलो. कोण आलं न्हाय. मला वाटलं, भांडून गेलेल्या बाईला न्यायला कोण येतच नसतंय. आलो आपलं आपण."

त्यांनी माझ्या हातातली किटली घेतली आणि दुसऱ्या म्हशीखाली बसल्या.

"उद्या खुशाल जा," माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या. "पर आपली आपण परत येऊ नगंस."