उताराला भिणारी गाडी

मित्रांनो, उंच चाकांची, छोटेखानी अशी मी एक म्हातारी गाडी आहे आणि मला उताराची फार भीती वाटते. हसू नका. कोरियाच्या डोंगरात राहून उताराला भिणारी ही कसली गाडी, असं तुम्ही म्हणाल. पण माझ्यावर काय गुदरलं ते आधी ऐका.

दक्षिणेकडच्या एका बंदराजवळच्या कारखान्यात माझा जन्म झाला. डोंगरातल्या कडक थंडीत मासे सुकवणाऱ्या मान-गिलने मला विकत घेऊन आपल्या गावी आणलं. पहिल्याच दिवशी त्याने माझ्यापुढे डोकं टेकलं, चारही चाकांवर तांदळाची दारू ओतली आणि पांढरा दोरा गुंडाळलेला एक सुका मासा बॉनेटखाली बांधला. गाडीवरचं संकट मासा आपल्या अंगावर घेतो, अशी तिथली श्रद्धा आहे. त्या दिवशी माझी ऐट काय सांगू!

पहिली काही वर्षं कौतुकात गेली. इंजिनाचं तेल वेळेवर बदललं जाई, टायर तपासले जात. बर्फात भल्याभल्या गाड्या रुतून बसत, तेव्हा मी आपली ऐटीत पुढे जाई. पण मी कधी कुरकुर करत नाही हे मान-गिलच्या अंगवळणी पडलं आणि तिथेच घात झाला. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता गॅरेजची वाट तो विसरूनच गेला. माशाची पूजा मात्र एकदाही चुकली नाही.

"अहो, मासा दरवर्षी नवा बांधता. ब्रेकचं तेल कधी बदलणार?" त्याची बायको ओक-बुन विचारी.

"आहे की काठोकाठ भरलेलं! आजवर एकदा तरी दगा दिलाय का हिने? तू आपली मासे मोज."

तेल काठोकाठ होतं, खरं आहे. पण ब्रेकचं तेल वर्षानुवर्षं हवेतली ओल पीत राहतं. फार तापलं की त्या पाण्याची वाफ होते आणि मग ब्रेक लागत नाही. मला ते नळ्यानळ्यांतून जाणवत होतं. ओरडून सांगावंसं वाटे, पण मला तोंड कुठे होतं?

नववर्षाचा सण तोंडावर आला होता. मागे छतापर्यंत माशांची खोकी रचून आम्ही समुद्राकाठच्या बाजाराला निघालो. घाट उतरताना मान-गिलचा पाय ब्रेकवरून हलेना. माझी चाकं भाजून निघाली. करपल्याचा वास सुटला.

"अहो, कसला वास येतोय?"

"मासेच असतील."

"चाळीस वर्षं मासे सुकवतेय मी! हा मासा नव्हे!"

पुढच्या वळणावर त्याने ब्रेक दाबला आणि पाय सरळ तळाला टेकला. मी थांबले नाही. मित्रांनो, थांबायचं असून थांबता न येणं यासारखी भीती नाही. समोर कठडा होता, त्यापलीकडे नुसती दरी. माझ्या पोटात दोन माणसं होती आणि मीच त्यांना मरणाकडे घेऊन चालले होते.

"गिअर उतरवा! हँडब्रेक ओढा!" ओक-बुन किंचाळली.

गिअर खाली आला, इंजिन आक्रंदलं, वेग जरासा मोडला. तेवढ्यात उजवीकडे, ब्रेक गेलेल्या गाड्यांसाठी केलेला वाळूचा चढ दिसला. मान-गिलने मला त्यात घातलं. मी वाळूत रुतत रुतत एकदाची थांबले. मग ओक-बुन दार उघडून उतरली आणि रस्त्याच्या कडेला मटकन बसली.

त्या दिवसापासून ती बाजाराला बसने जाऊ लागली. मान-गिलने माझं तेल, ब्रेक, पट्टे, जे जे थकलं होतं ते सगळं बदलून घेतलं. आता तो ठरल्या वेळी मला गॅरेजात नेतो आणि काम होईस्तोवर तिथेच उभा राहतो.

वसंतात एका सकाळी त्याने मला बसथांब्यापाशी थांबवलं.

"बसतेस का?" त्याने खालच्या आवाजात विचारलं.

"सगळं बदललंत?"

"सगळं. आता घाट खालच्या गिअरवरच उतरतो."

मित्रांनो, तुमच्या घरच्या जुन्या गाडीला विसरू नका. ती मागणार नाही, रडणार नाही. तिची वेळ तुम्हीच ध्यानात ठेवा.

ओक-बुन बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग आत बसली, पट्टा लावला आणि दारावरची मूठ दोन्ही हातांनी घट्ट धरली. घाट सुरू झाला. समुद्र दिसेपर्यंत तिने ती सोडली नाही.