सायप्रसच्या खोडातलं भोक

दातांचे डॉक्टर म्हातारे झाले की त्यांचं काय करायचं, याबद्दल त्यांच्या शास्त्रात काही लिहिलेलं नाही. माझ्या सासऱ्यांच्या बाबतीत हा प्रश्न माझ्या बायकोने एका वाक्यात सोडवला. "बाबा, आता तुम्ही आराम करा," असं म्हणून तिने दवाखान्याची किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली. तीही दातांचीच डॉक्टर, त्यामुळे दवाखाना बंद पडण्याचा प्रश्न नव्हता. कारण एवढंच घडलं होतं की सासऱ्यांनी चहाचा कप खाली ठेवला तेव्हा बशी जरा जास्त वेळ वाजली. माझ्या हातातल्या बशा रोज वाजतात. पण मी विमा कंपनीत दावे तपासतो, म्हणजे बहुतेक वेळा नाकारतो, आणि नाकारायला हात स्थिर असावा लागत नाही.

सासऱ्यांनी तक्रार केली नाही. ते घरी गेले आणि झाडाकडे बघत बसले.

हे झाड म्हणजे बाल्ड सायप्रसचं बोन्साय. मूळचं दलदलीत वाढणारं. तिथे ते चारमजली इमारतीएवढं होतं; इथे सासऱ्यांनी कुंडीत ठेवून त्याला माझ्या कमरेएवढं राहायला शिकवलं होतं. झाड पाइनच्या नात्यातलं आहे, सुया धरतं, पण थंडीत सगळ्या सुया टाकून देतं आणि निर्लज्जासारखं उघडं उभं राहतं. घरात त्याचं नाव टकलू. मलाही याच नावाने हाक मारली जाते. कोणाला बोलावलंय ते सुरावरून ओळखावं लागतं. कुंडी कायम पाण्याच्या टबात. "मुळं बुडलेली असली तरच खूश असतो," सासरे सांगायचे. एखाद्या पेशंटच्या सवयी सांगाव्यात तसे.

ते आणलं तेव्हा नुसता बुंधा होता, खाली हत्तीच्या पायासारखा पसरलेला आणि वरून करवतीने सपाट छाटलेला. पहिली काही वर्षं सासऱ्यांनी त्याला फक्त वाढू दिलं. मग एका फांदीला तार गुंडाळून शेंडा म्हणून वर वळवलं. हे झाड इतक्या घाईने जाड होतं की तार वेळेवर काढली नाही तर सालीत रुतते, म्हणून दर रविवारी तपासणी. फांद्या आडव्या गेल्या, शेंडा रुळला. उरला तो करवतीचा सपाट काप. निसर्गात असं काही सपाट नसतं. तिथे वीज पडते, लाकूड कुजतं, पोकळी होते. ती पोकळी आता हाताने कोरायची होती. जिथून रस वर चढतो त्या सालीच्या जिवंत पट्ट्याला धक्का न लावता. पट्टा दुखावला तर वरची फांदी गेलीच.

सासऱ्यांनी या कामाकडे पाहिलं आणि त्यांना त्यात काय दिसलं असेल हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

एका रविवारी जेवण झाल्यावर त्यांनी विषय काढला. घरात ते मुलीला चिऊ म्हणतात आणि दवाखान्यात डॉक्टर. त्या दिवशी त्यांनी घरात बसून डॉक्टर म्हटलं.

"डॉक्टर, मला शनिवार हवाय."

"कसला शनिवार?"

"दवाखान्यातला. आठवड्यात एक दिवस. माझी खुर्ची, माझे पेशंट."

"बाबा, हात..."

"हाताचं तू कप बघून ठरवलंस. कप काय, कोणीही आदळतं. हा बघ." हा म्हणजे मी.

"मग कशावरून ठरवू?"

त्यांनी गॅलरीकडे बोट दाखवलं. झाडाचा माथा ते कोरणार. दात कोरायच्याच यंत्राने, त्याच्या फिरत्या बारीक टोकाने, म्हणजे बरने. कोरल्यावर पूर्ण वर्ष गेलं की येणाऱ्या पालवीला सगळ्या फांद्या फुटल्या तर हात ठीक. एक जरी वाळली तर विषय बंद, आणि ते परत शब्द काढणार नाहीत.

बायको मान्य झाली. मी व्यवसायाला जागून एक अट सुचवली: कोरून झालं की झाड दवाखान्यामागच्या गच्चीवर ठेवावं, म्हणजे नंतर कोणी डागडुजी केली असा संशय नको. सासरे म्हणाले, "ठेवा. मी तसाही तिथे पाय ठेवणार नाही. ठेवला तर डॉक्टर म्हणूनच." जावईबापू एवढा बारीक विचार करतात याचं त्यांना वाईट वाटलेलं दिसलं.

थंडी सरता सरता, झाड अजून उघडंच असताना त्यांनी काम केलं. नर्सरीवाल्या बाईंना फोन करून आधी अर्धा तास डोकं खाल्लं. बाई बोलक्या, पण खतांबद्दलच जास्त बोलल्या. मग दार लावून घेतलं. आतून दवाखान्यातला तो सुपरिचित आवाज येत राहिला. तो ऐकून खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात माझ्याशी गाल धरून बोलल्या. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा सपाट काप नाहीसा झाला होता. त्या जागी फाटलेल्या कडांची, आत वळत गेलेली पोकळी होती. जणू वीज पडून जमाना झाला. मी तोंड उघडं ठेवून बघत राहिलो, ज्यावर सासरे सवयीने म्हणाले, "अजून मोठं."

बायकोने पोकळीत टॉर्च मारून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "छान झालंय," ती म्हणाली, आणि गाडीत घरापर्यंत खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं, भारावली.

झाड गच्चीवर आलं. टबातलं पाणी बदलायचं काम माझ्याकडे. पालवी फुटली, सगळ्या फांद्यांना, पिसासारखी मऊ. पावसात पोकळीत पाणी साठायचं आणि एक बुलबुल येऊन त्यात चोच बुडवायचा. मी त्याचे फोटो काढून सासऱ्यांना पाठवत नसे, कारण पुराव्याबद्दल उमेदवाराशी बोलायचं नसतं. ऑफिसात मात्र सगळ्यांना दाखवले. मग सुया तांबूस झाल्या, झडल्या, टकलू टकलू झाला. सासरे फोनवर हवापाण्याची चौकशी करत. माझ्या तब्येतीची त्यांनी इतक्या वर्षांत कधी केली नव्हती.

पुन्हा पालवी आली तेव्हा डावीकडची, पोकळीच्या अगदी खालची फांदी फुटली नाही. नखाने खरवडली तर आत हिरवं काही नाही. वरची साल काळी पडून सैल झाली होती.

मी बायकोला सांगितलं. ती वर आली, फांदी पाहिली, खाली गेली आणि माझ्यासमोरच बापाला फोन लावला.

"बाबा, या शनिवारपासून या."

मी जागच्या जागी उभा राहिलो. ही बाई लग्नानंतर पहिल्याच महिन्यात माझ्या ब्रशने घासायच्या पद्धतीला नापास करून मोकळी झाली होती. परीक्षेत सवलत हा प्रकार तिला ठाऊक नाही. आणि इथे फांदी ढळढळीत वाळलेली असताना उमेदवार पास? माझ्या धंद्यात, दावा नसताना कोणी पैसे द्यायला निघालं तर आधी त्याच्याकडे बघायचं असतं.

"फांदी वाळलीय," मी म्हणालो.

"एकच तर आहे."

"अट एकीचीच होती."

"तू गप्प बस ना जरा."

सासरेही मूर्ख नव्हते. ते शनिवारी नाही, शुक्रवारीच दुपारी आले, दवाखाना जेवणासाठी बंद असताना. पाय ठेवायचा नाही हे विसरून तडक गच्चीवर. फांदी पाहिली. "गेली," म्हणाले. चेहरा उतरला, पण नजर पोकळीवरून हलेना. पोकळीत पाणी होतं.

"पाणी का आहे?"

"काल अवकाळी पाऊस पडला होता," मी माहिती पुरवली.

"पाऊस पडतोच हो, जावईबापू. राहिला का?" मग मुलीकडे न बघता हात पुढे केला. "आरसा. आणि सळई."

बायकोने खालून तोंडात घालायचा छोटा आरसा आणि टोकदार सळई आणली. ती आणताना तिचा चेहरा असा होता की मी कुतूहलाने दोन पावलं पुढे सरकलो. सासऱ्यांनी कापसाने पाणी टिपलं, आरसा आत घातला, सळईने तळ चाचपला. टक्. लाकडाचा आवाज नव्हता.

"हे सिमेंट आहे."

त्यांनी सळईने पुन्हा टकटक केली.

"दातात भरायचं सिमेंट. रंग जुळवून घेतलाय. कडा घासून गुळगुळीत केल्यात." ते आणखी वाकले. "फिनिशिंग तुझं आहे, चिऊ. कडेला असं उतरतं घासायला मीच शिकवलंय."

"बाबा, तुमचा हात घसरला होता." तिचा आवाज एकदम लहान झाला. "तळाला आरपार भोक पडलं होतं. मी त्याच दिवशी टॉर्चने पाहिलं. मग गच्चीवर आणल्यावर, कुणाला दिसू नये म्हणून..."

"घसरला?"

"दाढेचं मूळ फुटतं ना, तसं. होतं कधी कधी."

"अगं, ते मी पाडलं!" गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवरून कबुतरं उडाली. "तिरकं, मागच्या बाजूला बाहेर काढलं. पाणी जायला! वरून उघडी पोकळी, खाली वाट नको? दोन तास लागले मला त्या भोकाला. सगळ्या कामात तेवढंच एक अवघड होतं!"

बायको खाली बसली, गच्चीच्या कठड्यालगत, पांढऱ्या कोटासकट. मला आठवला तो बुलबुल, आणि ऑफिसातली सगळी वाहवा. जिवंत पट्टा वर्षभर डबक्याशेजारी उभा होता आणि डबकं मी कौतुकाने राखत होतो. दलदलीतलं झाड पायाखाली कितीही पाणी सहन करतं, डोक्यात साठलेलं नाही, हे आता कळत होतं.

"दातांच्या डॉक्टरला," सासरे म्हणाले, "भोक दिसलं की भरलंच पाहिजे. चूक माझीच. शिकवलंच तसं." ते हसतील असं वाटलं. हसले नाहीत. "एक सांग. माझा हात घसरला असं तुला वर्षभर वाटत होतं?"

"हो."

"तरी शनिवार देत होतीस?"

"हो."

"पेशंटच्या तोंडात हात घालायला?"

"कवळ्या बघायला. नुसती तपासणी. यंत्र मी कपाटात ठेवणार होते."

"कवळ्या," सासरे म्हणाले. एखाद्याने शिवी आठवून आठवून उच्चारावी तसे. "परीक्षा घ्यायची, पेपर आपणच खराब करायचा, मग दयेने पास करायचं, आणि बक्षीस काय, तर कवळ्या. याच्यापेक्षा सरळ नापास केलं असतंस तर मी झाडांची पुस्तकं वाचत बसलो असतो."

"मला तुम्ही घरी बसलेले बघवत नव्हते."

"आणि मला तुझ्यासमोर खोटा डॉक्टर होऊन बसवलं असतं?"

तिने कोटाचं बटण उगाच लावलं. माझ्याकडे यावर उत्तर होतं, पण कोणी विचारलं नाही.

"वायर आण लांबवाली," सासरे म्हणाले. "आणि यंत्र. सिमेंट काढतो. तू इथे उभी राहा आणि बघ. झाडाकडे बघू नकोस. हाताकडे बघ."

यंत्र आलं. त्यांनी ते उचललं आणि हात हवेत असताना थरथरला. लपवण्यासारखा नव्हता; बरचं टोक माशीसारखं भिरभिरलं. बायकोने ओठ दाबला. मग त्यांनी हाताची शेवटची दोन बोटं खोडाच्या कडेला टेकवली, जशी दातांचे डॉक्टर शेजारच्या दातावर टेकवतात, आणि टोक थांबलं. थांबलं म्हणजे पूर्ण थांबलं. यंत्र गुणगुणलं. सिमेंटची पांढरी भुकटी उडत राहिली. सासरे आरशात बघून काम करत होते, मी त्यांच्या बोटांकडे, आणि बायको, सांगितलं होतं तशी, त्यांच्या बोटांकडे.

शेवटी त्यांनी फुंकर मारली आणि मला म्हणाले, "ओता."

मी पोकळीत पेलाभर पाणी ओतलं. ते क्षणभर आत घुटमळलं आणि मागच्या बाजूने, सालीच्या एका चुणीतून, बारीक धारेने बाहेर आलं. भोकाच्या मूळच्या कडेला ओरखडासुद्धा नव्हता. बायकोने टॉर्च मारून, आरसा घालून, मग बोट घालून तपासलं. मी नाकारतो त्या दाव्यांचीही इतकी तपासणी मी करत नाही.

"फांदी?" तिने विचारलं.

"ती गेली. पुढच्या वर्षी साल सोलून शोभेला पांढरी ठेवू. बाकीची जगतील."

ती उठली. कोट झटकला. "उद्या दहा वाजता," ती म्हणाली. "पहिला पेशंट हा. याची उजवीकडची दाढ केव्हाची भरायची राहिलीय."

"माझी?" मी म्हणालो. "मला तर काही दुखत नाही."

"तुला विचारलं नाही."

तर शनिवारी दहाला मी त्या खुर्चीत आडवा होतो. डोळ्यांवर दिवा, तोंडात कापूस, बायको डाव्या बाजूला थुंकी ओढायची नळी धरून उभी. सासरे मास्क लावून वर आले. "उघडा, जावईबापू. अजून मोठं." यंत्र माझ्या नाकासमोर आलं तेव्हा ते स्पष्ट थरथरत होतं, आणि जगात कुठलीही विमा कंपनी या प्रसंगाला संरक्षण देत नाही हे मला पक्कं माहीत होतं. वर्षभर मी या हाताबद्दल तर्क करत आलो होतो. आता विचारावंसं वाटलं, पण त्या अवस्थेत माणूस फक्त "आ" म्हणू शकतो.

मग त्यांचं एक बोट माझ्या पुढच्या दातावर येऊन टेकलं. कोरडं, जड. थरथर त्या बोटात आली आणि तिथेच मिटली. मला ती दातात जाणवली आणि नंतर जाणवली नाही. बरने दाढेला स्पर्श केला तेव्हा तो इतका हलका होता की काम सुरू झालंय हे मला आवाजावरूनच कळलं.

बायको माझ्याकडे बघत नव्हती. ती त्या बोटाकडे बघत होती. थोड्या वेळाने तिने नळी माझ्याच हातात दिली, "धर तूच," म्हणाली, आणि पुढच्या पेशंटला आत बोलवायला बाहेर गेली.