डबीवरचं नाव

आमच्या डोंगराळ नारीन भागात सून सासऱ्याचं किंवा बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, त्या नावात दडलेला शब्दही घेत नाही. माझ्या नवऱ्याचं नाव सारीबाय. मी ते आज लिहिते आहे, तोंडाने कधी घेतलं नव्हतं. सारी म्हणजे पिवळा. त्यामुळे त्याला कावीळ झाली तेव्हा माझी सून कानिशाय बिश्केकच्या डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "अतांचे डोळे जर्दाळूसारखे झालेत." अता म्हणजे बाबा. बाई हसल्या. मग त्यांनी त्याच्या पापण्या उघडून पाहिल्या आणि त्यांचं हसू गेलं.

स्वादुपिंडाला कॅन्सर होता. गाठीने पित्ताची वाट दाबली होती. आधी पित्त वाहायला नळी बसवली, ऑपरेशन नंतर करायचं ठरलं. मुलगा रशियात बांधकामावर होता, म्हणून इस्पितळात आम्ही दोघीच.

ऑपरेशनआधी बाईंनी शौचाच्या तपासणीसाठी डबी दिली. हा जन्मभर घोड्या पाळलेला माणूस, त्याला लाज वाटली. बाईंनी त्याच्याच भाषेत सांगितलं. "अता, घोडीचं दूध आंबवायची कातडी पिशवी घराघरात असते, पण दर पिशवीतलं विरजण वेगळं ना? तसंच आतड्यातल्या जंतूंचं. ते आतड्यात गुण्यागोविंदाने राहतात, पण या नळीतून वर चढले की घात करतात. ऑपरेशननंतर ताप आला, तर तुमच्या जंतूंना कुठलं औषध मारतं ते मला आधीच ठाऊक हवं."

"माझं विरजण भलतंच आंबट निघेल," तो म्हणाला, आणि डबी घेतली. कानिशायने ती प्रयोगशाळेच्या खिडकीत नेऊन दिली.

ऑपरेशन नीट झालं. मग ताप चढला. ऑपरेशनवेळी पोटाला लावलेल्या नळीतून येणाऱ्या पाण्याला वास येऊ लागला. नेहमीचं औषध चालू होतं, पण ताप हटेना. बाईंनी रिपोर्ट मागवला, तर या नावाची डबी आलेलीच नाही असं उत्तर आलं. नव्याने तपासायचं तर जंतू वाढेपर्यंत थांबावं लागणार होतं. तेवढी उसंत याच्याकडे नाही, असं बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

कानिशायचा चेहरा उतरला. खिडकीत नाव विचारल्यावर तिने "अक अता" सांगितलं होतं. अक अता म्हणजे पांढरे बाबा. घरी ती त्याला हेच म्हणायची.

आम्ही धावत खाली गेलो. खिडकीतल्या बाईने कागद काढला, पण हातातून सोडला नाही. "हा अक अताचा. डॉक्टरांनी मागितलाय दुसऱ्याचा."

"तेच ते," कानिशाय म्हणाली.

"ते म्हणजे कोण?"

"या अपांच्या घरचे." तिने माझ्याकडे बोट केलं; थोरल्या बाईला आम्ही अपा म्हणतो.

"हिच्या नवऱ्याचे वडील," मी म्हटलं.

त्या बाईच्या सगळं ध्यानात आलं. तिचा आवाज मऊ झाला. "मीही कुणाची तरी सूनच आहे, अपा. पण एकाचे जंतू दुसऱ्याच्या नावावर गेले तर माणूस जाईल. नाव तुमच्या तोंडून यायला हवं."

मी तोंड उघडलं. एवढा संसार झाला, पण मी त्याला पोराचा बाप म्हणूनच हाक मारत आले होते. जीभ उचलेना.

कानिशायने रुमाल कपाळावर ओढला आणि डोंगरापलीकडच्या माणसाला हाक मारावी तशी ती म्हणाली, "सारीबाय. नारीनचे सारीबाय. अक अता म्हणजे तेच."

खिडकीपुढची सगळी रांग वळून पाहू लागली.

चालू औषध ज्याला लागू पडत नव्हतं असाच जंतू निघाला. औषध बदललं. ताप हळूहळू उतरला. कॅन्सरबद्दल मात्र बाईंनी शब्द दिला नाही, आणि ते बरोबरच ठरलं. पुढे त्याला कुरणावरचे दोन उन्हाळे मिळाले, तेवढेच.

पण ते नंतरचं. इस्पितळात तो चहाचे घोट घेऊ लागला तरी नाव घेतल्याच्या संकोचाने कानिशाय पडद्याआडच उभी राहायची. नर्सने त्याला खिडकीतली गोष्ट हसत हसत सांगून टाकली होती. त्याने तिला बोलावून घेतलं. ती मान खाली घालून उभी राहिली.

"वरून बोलावणं आलं होतं, पोरी," तो म्हणाला. "निघालोच होतो. तेवढ्यात खालून कुणी तरी नावाने हाक मारली. हाक ऐकून मागे वळू नये, असा काही मी उद्धट नाही."

तिने गुडघ्यावर हात टेकून त्याला नमस्कार केला.

"आता पुन्हा घेऊ नकोस," तो म्हणाला. "एकदा पुरे."